हिवाळी टायर: निवडण्यापासून नट आवळण्यापर्यंत

पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या बहुतेकांना टायर बदलायला उशीर झालेला असतो, कारण हिवाळी टायर फक्त बर्फासाठी असतात असा समज फार पसरलेला आहे. खरं पाहायचं ते तापमान. पारा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्ता पूर्ण कोरडा असला तरी त्याची पकड कमी होत जाते. ७ हा आकडा अंदाजाचा आहे, सगळ्या टायरना तंतोतंत लागू पडणारा नाही. पण टायर कधी बदलायचे हे ठरवायला तो पुरेसा आहे. पहाटे कामावर निघत असाल तर पहाटेचं तापमान बघा, दुपारच्या उन्हातलं नको.

ज्यांनी आजवर थंड हवेत गाडी चालवलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टायर निवडण्याबद्दल पुष्कळ सल्ला मिळतो, पण ते बसवताना काय सांभाळायचं हे कोणी नीट सांगत नाही. उत्तम टायर घेतला आणि नट अर्धवट आवळले, किंवा गंजलेल्या हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) तसंच चाक चढवलं, तर खर्च आणि श्रम दोन्ही वाया जातात, वर जिवालाही धोका होतो. म्हणून निवडीचं आवश्यक तेवढं सांगून मी बसवण्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

हा टायर वेगळा कशाने

गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. वेग घेणं, वळणं, थांबणं हे सगळं त्या चार तळहातांवर चालतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की गोठणबिंदूच्या खालीही ते मऊ राहतं आणि रस्त्याच्या खडबडीतपणात शिरतं.

दुसरा फरक नक्षीत आहे. जवळून पाहिलं तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतील. चाक फिरताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो. नवख्याला वाटतं की खाचांत अडकलेला बर्फ काढून टाकावा. तो तिथे असायलाच हवा, कारण बर्फाची बर्फावर चांगली पकड बसते आणि टायर त्याचाच उपयोग करतो.

कडक, काचेसारख्या बर्फाची गोष्ट निराळी. तो सर्वांत निसरडा असतो शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधराला त्याच बर्फावर थोडी तरी पकड मिळते. त्यामुळे हवा जरा उबदार झाली म्हणून निर्धास्त होण्यात धोका आहे. चिरा हे पाणी थोडंफार शोषून बाजूला करतात, पण कोणताही टायर कडक बर्फावर कोरड्या रस्त्यासारखं थांबवत नाही.

खास हिवाळ्यासाठी टायर बनवण्याची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. १९३४ मध्ये तिथल्या एका रबर कारखान्याने बर्फातल्या ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी. तो कारखाना आज नोकियन टायर्स या नावाने ओळखला जातो.

टायरवरची खूण

दुकानात टायर हातात घेतल्यावर बाजूच्या भिंतीवर दोन खुणा शोधा. एक आहे ‘एम+एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती उत्पादक नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापतो, तिच्यामागे बर्फावरच्या चाचणीची अट नाही. दुसरी खूण तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी आहे. ती मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावरची पकडीची ठरलेली चाचणी पार करावी लागते. तुम्हाला ही दुसरी खूण हवी. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर कायद्याला चालणारा टायर म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून हीच खूण धरली जाते, नुसती ‘एम+एस’ चालत नाही.

शिखरांची खूणसुद्धा बर्फाच्या भुगभुशीत किंवा दाबलेल्या थराबद्दल सांगते, काचेसारख्या गोठलेल्या थराबद्दल नाही. युरोपमध्ये मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर कडक बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलं आहे. तुमच्याकडे रस्ते आठवडेच्या आठवडे गोठून राहत असतील तर ते चिन्ह पाहा.

कायदे देशागणिक बदलतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. जर्मनीत तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवर गोठलेलं असेल तर असे टायर हवेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तेव्हा ते लागतात, शिवाय नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो हिवाळी टायर धरलाच जात नाही. गाडी घेऊन सीमा ओलांडणार असाल तर पलीकडचा नियम आधी वाचून घ्या.

कोणता प्रकार घ्यावा

तीन प्रकार भेटतील. ज्या भागात हिवाळा म्हणजे थंड पाऊस, अधूनमधून बर्फ आणि बहुतेक वेळ ओला डांबरी रस्ता, तिथे नेहमीचा हिवाळी टायर पुरतो. जिथे थंडी खोल आणि लांब, तिथे आणखी मऊ रबराचा, बिनखिळ्यांचा उत्तरेकडच्या हवामानासाठी बनवलेला टायर मिळतो. कडक बर्फावर तो जास्त चांगला, पण उबदार ओल्या रस्त्यावर लिबलिबीत वाटतो. तिसरा खिळ्यांचा, म्हणजे नक्षीत धातूचे छोटे खिळे बसवलेला. गोठलेल्या रस्त्यावर त्याला तोड नाही, मात्र उघड्या डांबरावर तो आवाज करतो, रस्ता खरवडतो आणि धूळ उडवतो. या धुळीमुळेच जपानने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खिळ्यांच्या टायरवर बंदी आणली. अनेक देशांत ते पूर्ण बंद आहेत किंवा ठराविक महिन्यांतच चालतात.

बारमाही टायरबद्दल विचारलं जातंच. शिखरांची खूण असलेला चांगला बारमाही टायर सौम्य हिवाळ्यात, शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला चालून जातो. दर हिवाळ्यात कित्येक आठवडे बर्फ साचून राहत असेल किंवा घाटातून जायचं असेल, तर माझ्या मते हिवाळी टायरला पर्याय नाही.

दोन नव्हे, चार

पैसे वाचवायला फक्त इंजिनाची ताकद मिळणाऱ्या दोन चाकांना हिवाळी टायर घालण्याचा मोह होतो. तो टाळा. पुढच्या चाकांना पकड आणि मागच्यांना नाही, अशी गाडी ब्रेक मारताना किंवा वळणावर मागून घसरते आणि गिरकी घेते. अशी गिरकी सावरणं सराव असलेल्यालाही कठीण जातं. उलट, फक्त मागे हिवाळी टायर घातले तर गाडी वळायचं नाव घेत नाही, सरळ पुढे जाते. चारही चाकांवर एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच बनावटीचे टायर घाला. त्यातले दोन जास्त झिजलेले असतील तर चांगले दोन मागे लावा.

फोर व्हील ड्राइव्ह असलेल्यांनी हे विशेष ऐकावं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून झटकन निघते, आणि त्यामुळे रस्ता जेवढा निसरडा आहे तेवढा वाटत नाही. थांबताना मात्र प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना ब्रेक लागतो, तिथे या यंत्रणेचा काही फायदा नाही.

आकार, वय, खोली

टायरवर २०५/५५ आर१६ ९१एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंच रिमचा व्यास, ९१ हा वजन पेलण्याचा निर्देशांक आणि एच हा वेगाचा, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. गाडीला कोणते आकार चालतात ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिकेत एकापेक्षा जास्त आकार दिले असतील तर हिवाळ्यासाठी लहान रिम आणि अरुंद टायर घ्या. अरुंद टायर बर्फाचा थर कापून खाली जातो, उंच भिंत खड्ड्यांचा मार सोसते, आणि बहुधा स्वस्तही पडतो. मात्र यादीबाहेरची लहान रिम घेऊ नका, ती ब्रेकच्या कॅलिपरला अडू शकते. वजनाचा निर्देशांक ठरलेल्यापेक्षा कमी कधीच नको. वेगाचा निर्देशांक हिवाळी टायरला बऱ्याच देशांत थोडा कमी चालतो, पण मग ती वेगमर्यादा चालकाला दिसेल अशी डॅशबोर्डवर चिकटवावी लागते आणि अर्थात पाळावी लागते.

वय कळतं ‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांवरून. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. वापरलेले टायर घेत असाल तर हे आकडे आधी बघा. नक्षी भरपूर दिसली तरी वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, आणि हिवाळी टायरचा सगळा जीव त्याच्या मऊपणात आहे.

नवीन हिवाळी टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते. पुष्कळ देशांत कायद्याची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण तेवढ्या खोलीवर बर्फात काहीच हाती लागत नाही. ४ मिलिमीटरच्या खाली गेला की त्याला हिवाळ्यातून निवृत्त करा. खोली मोजायचं छोटं साधन मिळतं. ते टायरच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना लावून बघा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

रिमसकट दुसरा संच

एकाच रिमवर दर सहा महिन्यांनी टायर काढायचे-घालायचे, की हिवाळी टायर वेगळ्या रिमवर कायमचे चढवून ठेवायचे? परवडत असेल तर दुसरा संच घ्या. रिमवरून टायर उतरवायला आणि चढवायला यंत्र लागतं, प्रत्येक वेळी टायरच्या कडेला ताण बसतो आणि पुन्हा बॅलन्सिंग करावं लागतं. रिमसकट संच असेल तर चाक बदलणं एवढंच काम उरतं, जे घरी करता येतं. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावर वापरायला साध्या लोखंडी रिम चांगल्या. गंजल्या तरी जीव तुटत नाही.

रिम घेताना नटांकडे लक्ष द्या. नट किंवा बोल्ट जिथे रिमला टेकतो ती बैठक काही गाड्यांत शंकूसारखी तिरकी, काहींत गोलाकार आणि काहींत सपाट वॉशरची असते. मिश्रधातूच्या रिमचे बोल्ट लोखंडी रिमला लावले तर लांबी चुकू शकते किंवा बैठक जुळत नाही. हाताने फिरवला तेव्हा बसला, म्हणून तो योग्य आहे असं नाही. बैठक चुकलेला बोल्ट घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल होतो. विकत घेताना ‘या गाडीला या रिमसाठी कोणते बोल्ट’ असं स्पष्ट विचारा आणि हिवाळी रिमचे बोल्ट वेगळ्या डब्यात नाव घालून ठेवा. रिमच्या मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये बसवायची कडी लागते. ती नसली तर ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

चाक बदलणं, टप्प्याटप्प्याने

लागणारं सामान: गाडीचा जॅक (ट्रॉली जॅक असेल तर उत्तम), चाकाला अडवायला दोन ठोकळे, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोराला, म्हणजे टॉर्कला, आवळला की ‘टक’ आवाज करणारा), तारेचा ब्रश, हवा मोजायचा गेज, जाड हातमोजे, खडू. गाडीच्या नटांपैकी एक चोरीपासून बचावाचा असेल तर त्याची चावी आधी शोधून ठेवा. ती बहुधा स्टेपनीच्या खळग्यात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडते. गाडी उचलल्यावर ती शोधायची वेळ येऊ नये.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा. उतार, माती, खडी, गोठलेली जमीन यांपैकी काहीही चालणार नाही, कारण जॅक तिरका झाला तर गाडी खाली येते. हँडब्रेक ओढा. गिअरची गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर तिला जॅकसाठी वेगळी मांडणी करायची असते, ती पुस्तिकेत दिलेली असते. गाडीत कोणी बसून राहू नये.

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, अर्धा फेरा पुरे. हवेत लटकलेल्या चाकाचे नट काढायला गेलात तर चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून हलते. हट्टी नटाला पान्यावर लांब पाइप घालून सैल करता येतं. सैल करायला पाइप चालेल, आवळायला कधीच नाही.

आता जॅक. तो कुठेही लावायचा नसतो. दारांच्या खालच्या पट्टीवर, चाकांच्या जवळ, मजबूत केलेली जागा असते आणि तिथे बहुधा खाच किंवा बाण असतो. विजेवरच्या गाड्यांत तळाला बॅटरी असते, तिथे ठरलेल्या बिंदूवरच आणि रबरी ठोकळा मध्ये घालूनच उचला. टायर जमिनीपासून दोन-तीन बोटं वर आला की थांबा. काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर गाडी त्यावर विसावेल. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही.

नट काढूनही चाक निघत नसेल तर ते हबला गंजाने धरलेलं असतं. दोन नट सैलसर परत लावा आणि टायरवर पायाच्या तळव्याने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ठोका. नट लावलेले असल्यामुळे चाक सुटलं तरी अंगावर येत नाही. काढलेल्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ते कुठलं, म्हणजे पुढचं-डावं, मागचं-उजवं, हे खडूने लिहा. वसंतात बसवताना पुढचे मागे फिरवायचे तर हे लिहिलेलं उपयोगी पडतं.

पुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हबचा जो सपाट पृष्ठभाग रिमला चिकटतो, तो तारेच्या ब्रशने गंज आणि माती जाईपर्यंत घासा. रिमची आतली बाजूही तशीच घासा. गंजाचा थर मध्ये राहिला तर नट त्या थरावर आवळले जातात. पाना योग्य आकडा दाखवतो, पण शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये थराचा भुगा होतो आणि तेवढी जागा रिकामी होऊन नट ढिले पडतात. चाक नीट टेकलं नाही तर ते किंचित तिरकं फिरतं आणि ब्रेक लावताना थरथर जाणवते.

चाक परत कधीच चिकटू नये म्हणून मग काही जण सगळीकडे ग्रीस फासतात. बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला तेल किंवा ग्रीस लावू नका. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि तुटण्याच्या जवळ जातो. आटे ब्रशने स्वच्छ करा, एवढंच. ज्या बोल्टचे आटे खाल्लेले दिसतील तो बदला.

नवं चाक चढवण्याआधी टायरची दिशा बघा. बऱ्याच हिवाळी टायरवर बाण असतो. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तिकडे तो असला पाहिजे. उलटा लागला तर पाणी आणि चिखलबर्फ बाहेर फेकण्याऐवजी नक्षी तो आत ओढते. काही टायरवर बाण नसून ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरून दिसली पाहिजे. बाणाचे टायर असतील तर चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करता येत नाहीत, फक्त पुढे-मागे.

चाक हबवर टेकवा आणि सगळे नट आधी हाताने फिरवा. पहिले काही फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर पाना लावून रेटू नका, बाहेर काढा आणि पुन्हा सरळ लावा. तिरका गेलेला नट आटे कायमचे खराब करतो. मग पान्याने समोरासमोर या क्रमाने हलकेच आवळा, म्हणजे चाक सगळीकडून सारखं टेकेल. चार नट असतील तर एकानंतर त्याच्या समोरचा. पाच असतील तर प्रत्येक वेळी एक सोडून पुढचा, चांदणी काढतो तसा. ओळीने शेजारचा-शेजारचा आवळत गेलात तर चाक एका बाजूला बसतं.

जॅक खाली करा, चाक जमिनीला टेकू द्या, आणि आता टॉर्क पान्याने त्याच क्रमाने शेवटचं आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. पुष्कळ लहान-मध्यम मोटारींसाठी तो १०० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. १२० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २४ किलोचा जोर. आता ६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला की किती होतं पाहा: १७५ न्यूटन-मीटरच्याही वर. पायाने आवळलेले नट असे ताणले जातात, आणि नुसत्या हाताने आवळलेले कमी पडतात. टॉर्क पाना अंदाजाला जागाच ठेवत नाही. ‘टक’ आवाज आला की थांबा, दुसऱ्यांदा ओढू नका. काम झालं की पान्याचा आकडा खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहते.

चारही चाकं झाल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवा आणि सगळे नट त्याच आकड्याला पुन्हा तपासा. दुकानात बसवून घेतलं असलं तरीही. हे विसरू नये म्हणून फोनमध्ये आठवण लावून ठेवा. चालवताना चाकाकडून ठकठक ऐकू आली किंवा नवीनच थरथर जाणवली तर तपासणीची वाट बघू नका, सुरक्षित जागी लगेच थांबा.

हवा आणि सेन्सर

थंडीत टायरमधली हवा आकसते. दर १० अंशांना सुमारे ०.१ बार, म्हणजे दीड पीएसआय दाब उतरतो. २० अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये हवा भरली आणि बाहेर उणे १० असेल, तर जवळपास ०.३ बार कमी होऊनच गाडी रस्त्यावर येते. म्हणून हवा गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, चालवण्याआधी मोजा आणि हिवाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी बघत राहा. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला कानावर येईल. साध्या रस्त्यावर तो पाळू नका. टायर मधोमध वर उचलला जातो, नक्षीच्या चिरा दबून बंद होतात आणि वळणावर गाडी डुलते. व्हॉल्व्हची टोपणंही लावा, आत पाणी शिरून गोठलं तर व्हॉल्व्ह गळतो.

हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो, त्यामुळे दुसऱ्या संचालाही सेन्सर लागतात आणि काही गाड्यांना ते नव्याने ओळखवून द्यावे लागतात. दुसरी एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून अंदाज करते. तिला चाकं बदलून हवा नीट भरल्यावर मेनूतून रीसेट करायचं. रीसेट न करता दिवा पेटला तर तो खोटा वाटून लोक दुर्लक्ष करतात, आणि मग खरं पंक्चर झालेलं कळत नाही.

पहिले काही दिवस

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लागणाऱ्या द्रव्याचा अंश असतो, तो जायला काही शे किलोमीटर लागतात. तोवर जोरात ब्रेक, झटक्याने वेग आणि तीव्र वळणं नकोत. खिळ्यांच्या टायरला ही सवलत आणखी मनापासून द्या; खिळे रबरात नीट रुतून बसायला हवेत, नाहीतर ते पहिल्याच हिवाळ्यात गळतात.

पहिला बर्फ पडला की एखादी रिकामी, मोकळी जागा शोधा आणि ताशी २०-३० किलोमीटरला पूर्ण ब्रेक दाबून बघा. एबीएस सुरू झालं की पेडल पायाखाली धडधडतं आणि खडखड आवाज येतो. नवखा घाबरून पाय उचलतो, तिथेच गाडी थांबायचं अंतर वाढतं. पाय दाबूनच ठेवा आणि स्टिअरिंग फिरवून गाडी वळते का तेही बघा. हा अनुभव मोकळ्या जागी आधी घेतलेला असला की खऱ्या प्रसंगी पाय आपोआप तसाच वागतो.

वेग दुप्पट झाला की ब्रेकने थांबायचं अंतर चौपट होतं. हे गणित कोणत्याही टायरने बदलत नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवा. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही थंड हवा वाहते. झाडांच्या सावलीतले पट्टे दुपारीही गोठलेले राहतात. घाटात जिथे चाकांना बर्फाच्या साखळ्या लावण्याची पाटी असते तिथे हिवाळी टायर असूनही साखळ्या लागू शकतात; त्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर लावायच्या असतात आणि एकदा तरी घरी, उजेडात लावून बघितलेल्या असाव्यात.

काढलेले टायर कसे ठेवायचे

उन्हाळी टायर धुवा, पूर्ण वाळवा, खाचांतले खडे काढा आणि खोली मोजून त्यांच्यावरच लिहून ठेवा. जागा थंड, कोरडी आणि अंधारी हवी. पेट्रोल, तेल, थिनर यांच्यापासून लांब, आणि विजेच्या मोटारी किंवा वेल्डिंग चालतं तिथेही नको, कारण तिथे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. रिमवरचे टायर एकावर एक आडवे रचा किंवा टांगून ठेवा. बिनरिमचे टायर उभे ठेवा, टांगू नका, आणि महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवा, म्हणजे एकाच जागी दबणार नाहीत.

हिवाळा सरला आणि पहाटेचं तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर राहू लागलं की हिवाळी टायर उतरवा. उबदार रस्त्यावर ते भराभर झिजतात आणि थांबायला जास्त अंतर घेतात. उतरवताना प्रत्येकाची नक्षी मोजा. ४ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर पुढच्या मोसमाची खरेदी पहिल्या बर्फाच्या आधीच करा. तेव्हा हवा तो आकार मिळतो आणि दुकानदारालाही काम नीट करायला वेळ असतो.